दार कड्याच्या बाजूला होतं

सुभेदार, तुमच्या दहाव्याला हेलिकॉप्टर कंपनीचा माणूस आला होता. रामकुंडावर पिंड मांडून झाले होते, कावळा शिवायची वाट बघत आम्ही उन्हात उभे होतो, तेवढ्यात इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण वहिनींजवळ सरकला. वाटलं, सांत्वनाचे दोन शब्द बोलेल. बोललाही. मग त्याच सुरात म्हणाला, "मॅडम, सरांकडे कंपनीचा फोन होता. तो आज मिळाला तर बरं होईल."

"घरी आहे. संध्याकाळी या," वहिनी म्हणाल्या.

"मी गाडी आणलीय. इथून सोबतच जाऊ."

तेवढ्यात कावळा शिवला, पहिल्याच झेपेत. तुमचे सिन्नरचे भाऊबंद म्हणाले, "चला, माणसाची इच्छा काही राहिली नाही." मला ते पटलं नाही. त्या कावळ्यावरही माझा विश्वास बसला नाही.

तुम्ही असतात तर हसला असतात. नेहमीचं वाक्य ऐकवलं असतंत, "वंदना, फूलबाजारात बसून बसून तुला प्रत्येक माणूस पाणी मारलेला झेंडू वाटायला लागलाय." असेल तसं. पण गेलेल्या माणसाचा फोन दहाव्याच्या दिवशी, ओल्या पायांनी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे मागायची एवढी काय घाई असते? घरी गेल्यावर वहिनींनी फोन दिला. कशाला ठेवायचा, म्हणाल्या. त्या तरुणाने तो खिशात टाकला, हात जोडले आणि पाणीसुद्धा न घेता गेला.

हे मला तुमच्याशी बोलायचं होतं. तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे, ज्याच्याशी या विषयावर भांडता येईल?

आपली ओळख झाली तेव्हा तुम्ही हवेत होतात. गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं आणि मखमलाबादचा आमचा मळा गोदावरीने सगळीकडून वेढला होता. आई, मी आणि दोन शेळ्या मोटारीच्या खोलीच्या स्लॅबवर चढून बसलो होतो. माझे वडील, बापू, तेव्हा फुलं घेऊन बाजारात गेलेले, ते पलीकडच्या काठावरून नुसते हात हलवत होते. मग लष्कराचं हेलिकॉप्टर आलं आणि त्याच्या पोटातून एक माणूस दोरावर बसून खाली आला. स्लॅबला पाय टेकल्यावर तुमच्या तोंडचं पहिलं वाक्य होतं, "शेळ्या येणार नाहीत."

मी लगेच तयार झाले, पण आई अडून बसली. परक्या पुरुषाबरोबर एका पट्ट्यात बांधून घ्यायचं तिला मान्य नव्हतं. पाणी स्लॅबला लागलं होतं आणि ती पदर सावरत होती. तुम्ही तिच्यासमोर उकिडवे बसलात. "मावशी, असं करा, डोळे मिटा आणि वर पोचेपर्यंत मला शिव्या द्या." तिने दिल्या. अस्सल मळेकरणीच्या शिव्या. पंख्याच्या त्या आवाजातही त्या ऐकू आल्या, असं तुम्ही नंतर कितीतरी लोकांना सांगितलंत. शेळ्याही वाचल्या, पाणी उतरल्यावर स्लॅबवरच सापडल्या, भुकेने चिडलेल्या. त्या वर्षी राखी घेऊन मी तुमच्या जेल रोडच्या घरी आले, तेव्हा आईने पुरणपोळ्या बांधून दिल्या होत्या. "त्या शिव्यांबद्दल दे त्याला," म्हणाली होती.

नंतर मी डोंगरात जायला लागले. गडांवर अडकलेल्यांना खाली आणणाऱ्या मुलामुलींच्या गटात शिरले. घरचे म्हणायचे, फुलं विकायची सोडून हे काय? कारण तुम्हाला माहीत होतं, मी सांगायची गरज नव्हती. निवृत्त झाल्यावर दर रविवारी तुम्ही आम्हाला पांडवलेण्याच्या मागच्या कातळावर गाठी मारायला शिकवायचात. गाठ चुकली की रागवायचा नाहीत. ती सोडवायचात आणि दोर परत हातात द्यायचात, पुन्हा पुन्हा. तुमच्या त्या शांतपणाने माझा जीव जायचा.

आणि मग कंपनी आली. आधी कुणी डोंगरात किंवा पुरात अडकलं की प्रशासन लष्कराला विनंती करायचं. आता म्हणे लष्कराने सीमेकडे बघायचं आणि हे काम करारावर खासगी हेलिकॉप्टरने करायचं. ही बातमी वाचून मी तणतणत तुमच्याकडे आले, तर तुम्ही सोफ्यावर बसून कंपनीचा नवा कोरा निळा गणवेश गुडघ्यावर ठेवून बघत होतात.

"तुम्ही जाणार?"

"बोलावलंय. दोरावरची माणसं त्यांच्याकडे नाहीत. आमच्यासारखे निवृत्तच घेणार ते."

"म्हणजे हेलिकॉप्टर कंपनीचं आणि भरवसा लष्कराचा."

"भरवसा माणसाचा असतो, वंदना. तुझ्या आईने माझ्या खांद्यावरची फीत बघून डोळे मिटले होते का?"

"पण तुम्हाला पाठवणाऱ्याला नफ्याचा विचार करायचा नव्हता."

"त्याला परवानगीचा विचार करायचा होता. तुला काय वाटतं, तिकडे सगळं झटपट होतं? परवानगी यायची वाट बघत आम्ही बसलो आणि तिकडे पाणी ओसरलं, असंही झालंय. तुमच्या मळ्याच्या वेळी कागद यायच्या आधी पायलटसाहेबांनी पंखा फिरवला, म्हणून तू इथे चहा पितेयस. कंपनीचं हेलिकॉप्टर लवकर येईल, बघ."

"आणि लवकर परत जाईल."

वहिनी आतून म्हणाल्या, "चहा गार होतोय दोघांचा." आपलं प्रत्येक भांडण त्यांनी असंच मोडलं. तुमचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. हेलिकॉप्टर खरंच लवकर यायला लागलं. दोनदा आमच्या डोळ्यांदेखत आलं, दोनदा तुम्ही उतरलात, दोन जीव वर गेले. मी गप्प झाले. पटलं म्हणून नव्हे, बोलायला जागा उरली नाही म्हणून.

मग सोनाबाईचा दिवस आला.

त्र्यंबकच्या पलीकडे, डोंगराच्या पोटाशी असलेल्या पाड्यावरची ही बाई. आश्विनात सगळे गवत कापायला चढतात तशी चढली आणि पाय घसरून कड्याच्या मधल्या पट्टीवर पडली. गुडघ्याखाली पाय मोडला, हाड बाहेर आलं. आमचा गट खाली पोचला तेव्हा ती शुद्धीत होती, वरून आवाज देत होती. दोर लावून तिच्यापर्यंत जायला, पट्ट्यात बांधून तिला उतरवायला दिवस मोडला असता. म्हणून हेलिकॉप्टर बोलावलं. मी हातात तुम्हीच दिलेला वायरलेस सेट धरून उभी होते. तुम्ही येणार हे माहीत होतं, त्यामुळे माझा जीव थाऱ्यावर होता.

आलात. हेलिकॉप्टर कड्याला समांतर होऊन थांबलं. दार कड्याच्या बाजूला होतं. आम्हाला खालून नुसतं पोट दिसत होतं, त्यावरचा कंपनीचा रंगीत पट्टा दिसत होता. आता दोर खाली येईल, आता पाय दिसतील म्हणून आम्ही माना वर करून बघत राहिलो. दोर आला नाही. हेलिकॉप्टर थोडं डुललं, मग तिरकं झालं आणि नाशिकच्या दिशेने निघून गेलं. मी सेटवर हाका मारल्या, "सुभेदार, काय झालं? सुभेदार?" नुसती खरखर.

परत येईल म्हणून आम्ही वाट बघितली. ती वाट बघण्यात उजेडाचा चांगला वेळ गेला. मग दोर बांधून आम्हीच वर चढलो. सोनाबाई खाली पोचली ती दुसऱ्या दिवशी. तोवर पाय काळा पडला होता. सिव्हिलमध्ये तो कापावा लागला.

कंपनीने सांगितलं, वारा होता. पण वारा नव्हता, सुभेदार. पाड्यावरच्या चुलींचा धूर सरळ वर चालला होता. कापून ठेवलेल्या गवताची काडी हलत नव्हती.

भाऊबीजेला मी ओवाळायला आले. ताटात चकली होती, ती तुम्ही मोडून मोडून तिचे तुकडे केलेत, खाल्ली नाहीत. माझ्या झेंडूचा भाव विचारलात, आईचे गुडघे कसे आहेत विचारलंत. मग मी सरळ विचारलं.

"वारा होता," तुम्ही म्हणालात.

"धूर सरळ होता."

"खालचा धूर आणि वरचा वारा, यांचा काही संबंध नसतो. कड्याजवळ तर नाहीच. तुम्हाला शिकवलंय मी हे."

शिकवलं होतं, तेच तर. मला खोडता येणार नाही असंच उत्तर तुम्ही निवडलंत. आणि ते देताना माझ्याकडे बघितलं नाहीत. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्याकडे न बघता कधी बोलला नव्हतात.

"मग सेटवर का बोलला नाहीत?"

"ऐकू आलं नसेल तुला."

"सुभेदार, तुम्हाला गप्प बसवलंय का कुणी?"

तुम्ही उठलात. "वहिनीला मदत कर जा," म्हणालात, आणि गॅलरीत जाऊन उभे राहिलात. त्यानंतरच्या रविवारी तुम्ही कातळावर आला नाहीत. पुढच्याही नाही. निळा गणवेश मात्र रोज चढत होता, हे वहिनींकडून कळत होतं.

मी तुमच्यावर संशय घेतला. आजही तो मागे घेत नाही. ज्याने पाणी चढताना आमच्यासमोर उकिडवं बसून माझ्या आईची समजूत काढली, तो माणूस मोडक्या पायाच्या बाईला समोर बघून परत फिरतो आणि नंतर वाऱ्याच्या गोष्टी सांगतो, तर मी काय समजायचं होतं? मनाशी ठरवलं होतं की संक्रांतीला तिळगूळ घेऊन यायचं आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठायचं नाही. वहिनी चहा गार होतोय म्हणाल्या तरी नाही.

संक्रांतीच्या आधीच फोन आला. दाढी करताना बेसिनपाशी तुम्ही कोसळला होतात. मी पोचले तेव्हा तुमच्या एका गालावर साबण तसाच वाळलेला होता आणि वहिनी तो ओल्या टॉवेलने पुसत होत्या, हळूहळू, गरज होती त्याहून कितीतरी जास्त वेळ. मी तुमच्या पायांशी बसले. रडू आलं नाही. राग आला होता. असं मधेच उठून जातात का?

पुढचं तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगते.

सोनाबाईच्या पाड्याने तक्रार केली होती, त्याची चौकशी कलेक्टर कचेरीत लागली. मला बोलावलं होतं, कारण खाली मी होते. वहिनींना म्हटलं, चला. त्या म्हणाल्या, "गेलेल्या माणसाला कशाला त्यात ओढायचं, वंदना? शांत जाऊ दे त्यांना." मी एकटीच गेले.

कंपनीतर्फे एक वयस्क वकील आले होते. त्यांच्या तोंडी आता वारा नव्हता. ते म्हणाले, "दोरावरून उतरणाऱ्या माणसाचा शब्द शेवटचा असतो. तो नको म्हणाला तर पायलट त्याला उतरवू शकत नाही. त्या दिवशी दिवंगत सुभेदारांनी नकार दिला. त्यांचं वय झालं होतं, प्रकृतीही ठीक नसावी. त्यांच्या स्मृतीचा मान राखून आम्ही हे आजवर बोललो नव्हतो."

मान राखून! मी पायलटकडे बघितलं. तिशीचा असेल, परप्रांतातला. टेबलाच्या कडेला नख घासत होता. चौकशी करणाऱ्या मॅडमनी विचारलं, "असं झालं का?"

"जी. उन्होंने मना किया," तो म्हणाला. टेबलाकडे बघून.

अगदी तुम्ही भाऊबीजेला बोललात तसंच, सुभेदार. न बघता. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की तुम्हा दोघांना गप्प बसायला सांगणारा माणूस एकच असणार. आणि तुम्ही आणखी काही दिवस जगला असतात, तर त्यांना वाराच पुरवावा लागला असता. तुम्ही गेलात आणि त्यांची सोय झाली. गेलेल्या माणसाच्या खांद्यावर काहीही ठेवता येतं, तो झटकू शकत नाही.

पण तुम्ही खरंच नको म्हणाला असाल तर? रात्रंदिवस मी हेही उलटसुलट करून पाहिलं. छातीत कळ आली असेल. हात थरथरला असेल. तसं असेल तर ते मला सांगायला लाजलात का?

खालून आम्हाला दार दिसलं नव्हतं. ते दिसेल अशा जागी एकच माणूस होतं.

सोनाबाईला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. पाय कसा मोडला ते विचारलं होतं, किती वेळ पडली होती ते विचारलं होतं. मी जीप करून पाड्यावर गेले. कुबडी टेकत ती ओसरीवर आली. मी म्हटलं, "मावशी, हेलिकॉप्टर आलं तेव्हा दारात कोण होतं?"

"मानूस व्हता ना," ती म्हणाली, जणू हे सगळ्यांनाच माहीत आहे. "पाय भाईर सोडून बसला व्हता. पट्टा बांधेल व्हता अंगाला."

पुढच्या तारखेला मी तिला नाशिकला आणलं. मॅडमनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिने तेच सांगितलं आणि आणखीही सांगितलं. तो माणूस दारात बसला, दोराला हात घालून खाली वाकला, आणि मागून कुणीतरी त्याचा पट्टा धरून त्याला आत खेचलं. मग दार सरकलं.

वकील फार गोड आवाजात म्हणाले, "बाई, तुम्हाला असह्य वेदना होत होत्या. अशा वेळी माणसाला नीट दिसत नाही. बरोबर?"

"पाय मोडला व्हता साहेब," सोनाबाई म्हणाली, "डोळं नाय."

मॅडमनी ते लिहून घ्यायला सांगितलं. शिपायापासून सगळे खाली बघून हसले, वकीलसुद्धा थोडेसे. पायलट हसला नाही. तो उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

निकाल अजून लागलेला नाही. कंपनीने मात्र आपलं म्हणणं बदललं. आता म्हणतात, निर्णय एकट्या सुभेदारांचा नव्हता, 'सर्वांनी मिळून' घेतलेला होता. म्हणजे तुमच्या एकट्याच्या खांद्यावरून ओझं उतरलं, पण ते आता कुणाच्याच खांद्यावर नाही. सर्वांनी म्हणजे कुणी? हेलिकॉप्टरमध्ये होते तेवढ्यांनीच, की कंपनीच्या गार खोलीत बसून पायलटच्या कानात बोलणाऱ्या आणखी कुणी? मॅडमनी फोनबद्दल विचारलं. तो खराब झाला होता म्हणे, टाकून दिला.

बघा, आणि मी संशयी.

तुमच्याबद्दल मात्र एक गोष्ट सुटत नाही. तुम्हाला मागे ओढलं, तर मग भाऊबीजेला वाऱ्याच्या आड का लपलात? मी वहिनींना विचारलं. त्या भांडी लावत होत्या. मग म्हणाल्या, "मला एकदाच म्हणाले होते. बोललो तर उद्या मला काढतील आणि दारात कुणीतरी कोवळं पोर बसवतील. पुढच्या वेळी मीच असायला हवा तिथे. याच्यापुढे काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही."

पुढच्या वेळी. सुभेदार, तुमचा हिशेब मला कळतो. पण पटत नाही. त्या दारात तुम्ही बसून काय उपयोग, मागून ओढणारा हात तसाच राहणार असेल तर? आणि तुम्ही बोलला असतात, तर आमच्यासारखी किती माणसं तुमच्यामागे उभी राहिली असती, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? की दोरावरून उतरून उतरून तुम्हाला सवयच लागली होती, प्रत्येक ठिकाणी एकट्यानेच जायची? याचं उत्तर आता कुणाकडे मागू? भांडण माझ्याकडेच राहिलं.

तारीख संपल्यावर सोनाबाई म्हणाली, "त्याच्या घरी जाऊ. पाड्याकडं मंग."

मी तिला जेल रोडला घेऊन आले. तुमच्या जिन्यावर ती एकेक पायरी बसून बसून चढली, हात दिला तर नको म्हणाली. येताना पदराला बांधून आणलेले नागलीचे पापड तिने वहिनींच्या हातात ठेवले. दोघी समोरासमोर बसल्या. भिंतीवर तुमचा गणवेशातला फोटो होता, हिरव्या गणवेशातला. सोनाबाईने तो नीट बघितला. "हाच," म्हणाली.

वहिनींनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्ही त्यांना त्या दिवशी बघितलंत. कसे दिसत होते हो?"

"तापला व्हता लय."

"तापला म्हणजे?"

"चिडला व्हता. माला हात केला आदी, असा," तिने पंजा उघडून दाखवला, "थांब, आलोच, असा. मंग त्याला मागं वढला, तवा वळून कोणाला तरी वरडत व्हता. त्या मशीनचा आवाज मोठा, माला काय आयकू नाय आला. पन त्वांड दिसत व्हता ना. गळ्याच्या शिरा फुगल्या व्हत्या. दार लावला, तरी काचंतून वरडतच व्हता."

"ते? ओरडत होते?" वहिनी माझ्याकडे वळल्या. "वंदना, या घरात त्यांनी कधी आवाज चढवला नाही. पोरं नापास झाली तरी नाही. मला वाटायचं, यांना रागच येत नाही."

मलाही तसंच वाटायचं.

वहिनी उठल्या. पाणी आणायला जाताहेत असं वाटलं, पण त्या दाराशीच थांबल्या. पाठ आमच्याकडे होती. खांदे हलत होते की नाही, मला कळलं नाही. वळल्या तेव्हा डोळे कोरडे होते.

"कुणावर ओरडत होते, हे विचारलं का त्या पायलटला कुणी?"

"नाही अजून."

"पुढची तारीख कधी आहे?"

मी सांगितली.

"मी येते," वहिनी म्हणाल्या. "मी विचारते."